लिखेलबाबाच्या विहिरीवर

खानदेशातून परतल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय पाहिलंत?" मी लगेच भरताचं वर्णन सुरू करतो. तुरकाठ्यांच्या जाळावर वांगी कशी भाजतात, हिरव्या मिरच्या सोबत कशा कुटतात, कळण्याची भाकरी कशी जाड आणि खरपूस असते, वगैरे. ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि माझी सुटका होते. पण मी काही तिकडे भरीत खायला गेलो नव्हतो. एक दगड पाहायला गेलो होतो. तो पाहिला, मोठ्यानं वाचला, आणि त्यापायी जे झालं त्याची मला इतकी लाज वाटते की तोंडानं कुणाला सांगवत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आमचे बाबा मामलेदार होते. नोकरीतली उमेदीची वर्षं त्यांनी खानदेशात काढली. पेन्शन घेऊन पुण्याला आल्यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे, "माझं नाव खानदेशातल्या पाण्यावर आहे." धरणगावच्या बाजूला एका खेड्यात दुष्काळी कामातून त्यांनी विहीर बांधून घेतली होती आणि तिच्यावर त्यांच्या नावाचा दगड बसवला होता. आम्हा भावंडांपैकी कुणी तो पाहिला नव्हता, पण शाळेत कुणी बापाची बढाई मारू लागला की आम्ही ती विहीर पुढे करायचो. बाबा गेल्या वर्षी गेले. माझी थोरली बहीण, ताई, आमच्या आळीच्या तोंडाशी त्यांच्या स्मरणार्थ पाणपोई घालते आहे. संगमरवरी पाटीही सांगून ठेवली आहे. पाटीवर काय लिहायचं यावर घरात बरीच भवति न भवति झाली आणि शेवटी ताई म्हणाली, "त्या विहिरीवर जे आहे तेच इथे घालू. बाबांना स्वतःला पसंत असलेला मजकूर. तू जा आणि उतरवून आण."

नाहीतरी मला पाट्या वाचायची खोड आहे. मी शाळामास्तर, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. रस्त्यात पाटी दिसली की मी थांबतो आणि मोठ्यानं वाचतो. बरोबरचे लोक पुढे जाऊन अनोळखी असल्यासारखे उभे राहतात. ताईनं माणूस अगदी बरोबर निवडला होता. नाताळच्या सुट्टीत मी निघालो.

जळगाव, नशिराबाद

मनमाडपासून पुढे डब्यात खादीच्या टोप्याच टोप्या. सगळी मंडळी फैजपूरच्या अधिवेशनाला निघालेली. खेड्यात काँग्रेस भरणार म्हणून जो तो खेड्याच्या उद्धारावर बोलत होता. मी त्यांना विहिरीचं सांगितलं. एकानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "अशा मामलेदाराचे चिरंजीव म्हणजे तुम्ही आमचेच." मी खिडकीबाहेर पाहिलं, म्हणजे चेहऱ्यावरचा आनंद दिसू नये. बाहेर वेचून झालेली कपाशी उभी होती आणि काळी जमीन थेट आभाळापर्यंत गेली होती.

जळगावात धर्मशाळेत उतरलो. तिथल्या पायऱ्यासुद्धा कुणाकुणाच्या नावाच्या. एका पायरीवर कुणाच्या मातोश्री, दुसरीवर कुणाचे कैलासवासी तीर्थरूप. देणाऱ्यांना नाव अमर करायचं होतं, पण नेमकं आपल्या पायाखाली का ठेवलं, कळेना. मी त्या मातोश्रींना चुकवून वरच्या पायरीवर उडी मारली आणि घोटा मुरगळला. तिथे ऊन खात बसलेले एक आजोबा म्हणाले, "भाऊ, तुम्ही मुन्सिपालटीना मानूस शेतस का? बठ्ठं वाची राह्यनात."

दुसऱ्या दिवशी लंगडत नशिराबादला गेलो. तिथे एका जुन्या बांधकामाच्या भिंतीत फारशी लेख आहे, असं कुणी सांगितलं होतं. लेख होता, पण मला फारशी येत नाही. समोरच्या घरातून एक म्हातारे मियाँ आले, मला खाट दिली, चहा दिला आणि दगडाकडे नुसतं पाहून म्हणाले, "किसीने पानी पिलाया था, इतना समझो. बाकी सब नाम हैं." मला ते अपुरं वाटलं. नावं कोणती, सन कोणता, हुद्दा काय, हे सगळं मला हवं होतं. त्यांनी हसून आणखी चहा मागवला.

विहीर

धरणगावाला ताप्तीच्या गाडीनं उतरलो आणि इस्माईलभाईंचा टांगा केला. हे गृहस्थ घोड्याशी जास्त आणि गिऱ्हाइकाशी कमी बोलणारे. गावाचं नाव सांगितल्यावर मात्र म्हणाले, "लिखेलबाबा के वहाँ? वहाँ का पानी मीठा है. मेरा घोडा दूसरा पानी नै पीता." लिखेलबाबा कोण, असं मी विचारलं नाही. गावोगाव बाबा असतात, तसा असेल एखादा, असं वाटलं. त्या गावाचं नाव मी इथे मुद्दामच लिहीत नाही.

विहीर गावाबाहेर, गाडीवाटेला लागून आहे. आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि घसा कोरडा पडला होता. एक चाळिशीची बाई पोहरा ओढत होती. मला पाहून म्हणाली, "पानी पिशात का भाऊ? मंग ओंजय करा." मी वाकून ओंजळ धरली. तिनं वरून धार धरली, ती थेट माझ्या बाहीत गेली आणि कोपरातून बाहेर आली. ती खळखळून हसली, "पुनाना शेतस का? पुनाना मानूसले ओंजय येत नही." पाणी खरोखरच गोड होतं. मी पोटभर प्यायलो, तोंड धुतलं, आणि तिला विचारलं, "इथे एक दगड आहे ना, अक्षरं असलेला?"

तिनं हातातला दोर खाली ठेवला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. "हाऊ काय," ती म्हणाली. "लिखेलबाबा." लिखेल म्हणजे लिहिलेला.

विहिरीच्या कठड्याला लागून, निंबाखाली, कमरेइतका उंच एक शेंदरी गोळा होता. त्याला चांदीचे डोळे बसवले होते. पुढे नारळाच्या करवंट्या, विझलेल्या पणत्या, झेंडूची माळ. शेंदराचा थर इतका जाड होता की खाली चौकोनी दगड असेल असं वाटतच नव्हतं. त्या बाईचं नाव बायजा. तिनं मला सगळी माहिती दिली. गावात नवरी आली की तिची पहिली घागर बाबावर ओतायची. मूल शाळेत घालायच्या आधी त्याचं कपाळ बाबाला टेकवायचं, कारण बाबाच्या अंगात अक्षरं आहेत. "बाबा बठ्ठास्ना शे," ती म्हणाली, म्हणजे सगळ्यांचा. "कोनाले नही म्हनत नही."

आमच्या बाबांना चांदीचे डोळे! मी हसू दाबलं. शिकलेल्या माणसाला येतं तसलं हसू. ताईला हे कसं सांगायचं त्याची मनात जुळवाजुळवसुद्धा सुरू केली.

तोवर गावात कळलं होतं. पाटील आले, गाव त्यांना नाना म्हणतं. माझ्याच वयाचे, पागोटं नीट बांधलेलं. त्यांच्या मागून त्यांची आई, अक्का, काठी टेकत आली. मी येण्याचं कारण सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "शेंदूर थोडा काढला तर मजकूर उतरवून घेईन."

अक्का म्हणाली, "देवनं कवच मानुस नही काढस. देव सोता टाकस."

आता ही गोष्ट मला ठाऊक होती. शेंदराचा थर फार झाला की तो आपण होऊन गळतो आणि लोक तो वाजतगाजत नदीत सोडतात. त्याची वाट पाहायची, असा तिथला रिवाज. पण माझी सुट्टी संपत आली होती आणि ताईचा पाथरवट पुण्यात खोळंबला होता. मी म्हटलं, "अक्का, या दगडावर माझ्या वडिलांचं नाव आहे. हा दगड त्यांनीच बसवला."

अक्का माझ्याजवळ आली. माझी हनुवटी धरून तिनं चेहरा उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ पाहत राहिली. दगड बसवला तेव्हा ती तरणी होती. तिनं तो दिवस पाहिला होता. भटजी होते, नारळ फुटला होता, वाजंत्री होती, घोड्यावरून साहेब आला होता. एवढ्या थाटानं बसवलेला दगड देवच असणार, असं गावानं धरलं. साहेब दुसऱ्या दिवशी मुक्काम हलवून गेला. वाचता येणारं गावात कुणी नव्हतं, आणि आठवड्याभरात पहिला शेंदूर लागला.

"नाना," ती एकदम ओरडली, "बाबाना पोर्‍या उना! बाबाना पोर्‍या!"

मग जे झालं ते थांबवणं माझ्या हातात होतं, पण मी थांबवलं नाही. बायका आल्या, माझ्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. कुणी तान्हं पोर माझ्या पायाशी ठेवलं. माझे वडील माणूस होते, सरकारी नोकर होते, त्यांना दमा होता, असं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. ती मी बोललो नाही, कारण मला बरं वाटत होतं. बाबांच्या नावाला असा मान मिळाल्याचं पाहून डोळे भरून आले होते, आणि त्या मानातला थोडा आपल्या वाट्याला आला तर काय बिघडलं, असंही मनात होतं. अक्कानं परवानगी दिली, "मंग काढा. पोर्‍याले कोन रोकी?"

बायजानं गरम पाणी आणलं, तेल आणलं. शेंदराचे पापुद्रे सुटू लागले तसे बायकांनी ते खाली पडू न देता सुपात झेलले. आत काळा घडीव दगड निघाला. वरच्या ओळी मोकळ्या झाल्या, बाबांचं नाव दिसलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. खालची ओळ अजून बुजलेली होती. बायजा वाकली, पदराचा शेव बोटाला गुंडाळला आणि एकेक अक्षर कोरून कोरून पुसून काढलं. मला नीट वाचता यावं म्हणून.

वर्गात मी पोरांना नेहमी बजावतो, आधी मनात वाचा, मग मोठ्यानं. तिथे मी उभा राहिलो, खाकरलो आणि सुरुवात केली.

"ही विहीर सरकारचे दुष्काळी कामांतून," मी वाचलं, मग बाबांचं पूर्ण नाव, "मामलेदार, यांचे देखरेखीखालीं पुरी होऊन सर्व रयतेचे सुखासाठीं खुली केली असे." आवाज छान लागला होता. निंबावरचे पोपट उडाले. त्याच दमात मी पुढे गेलो, "अस्पृश्य वर्गाचे लोकांनीं या विहिरीस शिवूं नये."

शेवटचा शब्द तोंडातून गेल्यावर मला अर्थ लागला. त्यांना मात्र आधीच लागला होता.

बायजा महारवाड्यातली, हे मला तिथे कळलं, कारण सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात आलेला पहिला विचार असा, की हिच्या हातचं आपण प्यायलो. बापाच्या ओळीची लाज त्यानंतर वाटली. आधी हा विचार आला, आणि मी आवंढा गिळला. ते तिनं पाहिलं.

तिची भरलेली घागर कठड्यावर होती. ती उचलायला तिनं हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. मग ती मागे सरली. आधी निंबाच्या सावलीपर्यंत, मग सावलीच्याही बाहेर. तिच्यामागे आणखी बायका सरल्या. सगळे कोण कुठले, हे आता उभं राहण्यावरूनच कळू लागलं.

मी घाईघाईनं बोलू लागलो. हा देव नाही, हा हुकूम आहे. लिहिणारा माझा बाप होता, माणूस होता. आता काळ बदलला आहे, सरकारी विहिरी सगळ्यांना मोकळ्या असा मुंबईला ठरावही झालेला आहे. नाना शांतपणे ऐकून घेत होते. ते म्हणाले, "साहेब, ठराव मुंबईले व्हयना व्हई. आठे बाबा बोलना."

"पण इतकी वर्षं तुम्ही सगळे इथेच पाणी भरता ना?"

उत्तर अक्कानं दिलं. पटकीच्या साली गाव ओस पडायची वेळ आली, तेव्हा साऱ्या गावानं बाबाला नवस केला. पटकी गेली, आणि मग बाबाची विहीर सगळ्यांची झाली. कुणी कुरकुर केली की एकच बोलणं असे, बाबाले चालस ते आम्हले काय? "तवयपाईन बठ्ठा भरतस," अक्का म्हणाली. "आते बाबाले चालत नही, हाई आम्हले काय माहीत? कोनी वाचंच नव्हतं."

आमच्या आळीतल्या हौदावर असली पाटी नाही. पाटीशिवायच सगळ्यांना ठाऊक आहे कुणी शिवायचं आणि कुणी नाही, आणि मी रोज त्या हौदावरून शाळेत जातो. या गावात पाटी होती आणि कुणाला ठाऊक नव्हतं. मी येईपर्यंत त्यांचं चांगलं चाललं होतं.

नानांकडे जेवायला बसलो. ज्या भरताचं वर्णन मी सगळ्यांना करतो, ते तिथलंच. मला दोनदा वाढून घ्यावं लागलं, कारण बाबाच्या मुलाला नाही कसं म्हणू देतील? सकाळी निघताना मी नानांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "नवा शेंदूर चढवा. चांगला जाड. तेलही जास्त घाला. ती ओळ पुन्हा दिसता कामा नये."

अक्का ओट्यावरून म्हणाली, "झाकी देसूत. पन आयकेल कसं झाकशात?"

धुळे

धुळ्याला मी एका आशेनं गेलो. बाबांच्या कचेरीतले जुने शिरस्तेदार आप्पासाहेब तिथे राहतात, एवढं मला ठाऊक होतं. ती ओळ वरून आली असेल, छापील नमुन्यातली असेल, बाबांनी नाइलाजानं घातली असेल, असं त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. तसं ऐकलं असतं तर मी मोटारीनं परत जाऊन गावाला सांगितलं असतं की ही ओळ बाबाची नव्हेच.

सर्व्हिस मोटारीत माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबड्यांची पाटी होती. पारोळ्यापर्यंत एका कोंबडीनं माझ्या कोटाचं बटण टोचून टोचून सैल केलं आणि पारोळ्याला ते तुटलं. एरवी मी या प्रसंगावर पानभर लिहिलं असतं. धुळ्यात पांझरेच्या काठानं चालत गेलो. पुलावर इंग्रजी दगड होता. तो मी वाचला नाही.

आप्पासाहेब थकले आहेत, पण स्मरण लख्ख. माझ्या तोंडवळ्यात त्यांना बाबांचा चेहरा दिसला आणि त्यांनी मला मिठी मारली. सुनेला शेवभाजी करायला सांगितली. विहिरीचा विषय काढला तसे ते उठून बसले.

"तो मजकूर? अरे, तो मीच लिहून नेला होता. 'सर्व रयतेचे सुखासाठी खुली केली असे' इथे माझा मजकूर संपत होता."

मी पुढे सरकलो.

"तुझ्या वडिलांनी कागद हातात घेतला. म्हणाले, 'आप्पा, सर्व म्हटलं की लोक सर्व समजतात. खाली स्पष्ट करा.' आणि स्वतःच्या हातानं ओळ घातली. असा चोख माणूस!"

"गावानं तशी मागणी केली होती?"

"गाव काय मागणार? गाव पाणी मागत होतं," आप्पासाहेब म्हणाले. "पण तुझ्या वडिलांच्या कामात कुठे मोघमपणा राहायचा नाही."

त्यांचा आवाज कौतुकानं भरला होता, आणि मी समोर बसून शेवभाजीचा तिखट रस्सा डोळे पुसत खात होतो. सुनेला वाटलं, पुण्याच्या माणसाला तिखट झेपत नाही. तिनं ताक आणून दिलं. स्पष्ट करा, असं मीही पोरांच्या वह्यांवर लाल शाईनं लिहितो. हा शेरा कुणाकडून उचलला ते मला त्या पाटावर कळलं.

पुन्हा विहीर

सामान जळगावच्या धर्मशाळेत राहिलं होतं, म्हणून परतीचा रस्ता धरणगावावरूनच. सरळ गाडी पकडता आली असती. पण इस्माईलभाईंनी स्टेशनात मला पाहिलं आणि काही न विचारता घोडा गावाच्या वाटेला लावला. वाटेत ते घोड्याशीही बोलले नाहीत.

विहिरीवर नवा शेंदूर झळकत होता. माझ्या सांगण्याप्रमाणे चांगला जाड, तेलानं ओला. चांदीचे डोळे परत बसले होते. नाना, अक्का आणि गावातली काही माणसं कठड्यापाशी होती. सावलीच्या बाहेर, उन्हात, रिकाम्या घागरी घेऊन काही बायका उभ्या होत्या. कुणीतरी ओतून देईल म्हणून. त्यांत बायजा होती.

मी कोट काढला, पोहरा सोडला आणि ओढला. हात सोलवटले. पोहरा घेऊन मी तिच्याकडे गेलो, तर तिनं घागर जमिनीवर ठेवली आणि मागे सरली. परवा ती माझ्या ओंजळीवर हातभर अंतरावरून हसत धार धरत होती. मी घागरीत पाणी ओतलं. बरंचसं बाहेर सांडलं. या वेळी ती हसली नाही.

"बायजाबाई," मी म्हटलं, "तो दगड आहे हो. माझ्या बापानं चूक केली. त्याची ओळ तुम्ही मानू नका."

"असं नका बोला भाऊ," ती घाबरून म्हणाली आणि बाबाच्या दिशेनं हात जोडले. मग हळूच म्हणाली, "इतला वरीस आम्ही आठे पानी भरं. बाबा राग करत व्हता, नि आम्हले समजनं नही. गया सालले मनी आंडेर गई. आते समजनं कसाले गई ते."

आंडेर म्हणजे मुलगी. हे सगळं मी वाचून दाखवलं होतं, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात.

"भाऊ," ती म्हणाली, "बाबाले तुम्ही सांगा ना. तुमनं आयकी तो."

अक्काही तेच म्हणाली. पोर्‍या सांगी तर बाबा ऐकेल. आणि ऐकलं की नाही हे कळायची रीत होती. बाबाच्या दोन्ही बाजूंना शेंदरावर ज्वारीचा एकेक दाणा चिकटवायचा आणि विचारायचं. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. अक्कानं स्वतः दाणे लावले. नाना पागोटं काढून उभे राहिले. ते मला म्हणाले, "साहेब, उजवा पडना ते आमनं काही म्हननं नही. बठ्ठा भरतीन." आणि ते मनापासून म्हणत होते. त्यांनाही ते उन्हातलं उभं राहणं बघवत नव्हतं.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण मी दगडापुढे हात जोडले. बाबांपुढे मी जन्मात कधी काही मागितलं नव्हतं. त्यांच्या घरात मागायची रीत नव्हती. मी म्हटलं, "बाबा, यांना पाणी भरू द्या." मग पुन्हा एकदा म्हटलं.

सगळे दाण्यांकडे बघू लागले. बायजा पुढे झुकून बघत होती, पण पाय उचलून जवळ येत नव्हती. इस्माईलभाईही टांग्यावरून उतरून, टोपी नीट करून उभे राहिले होते. मी त्या उजव्या दाण्याकडे इतकं टक लावून पाहत होतो की डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

दाणे पडले नाहीत, उजवाही नाही आणि डावाही नाही. शेंदूर नवा होता, जाड होता, तेलानं चिकट होता. तसा लावायला मीच सांगितलं होतं.

"बाबा इचार करी राह्यना," अक्का शेवटी म्हणाली. "वाट पाहू."

बायजानं घागर उचलून कमरेवर घेतली. "पाहू," ती म्हणाली आणि परत उन्हात जाऊन उभी राहिली. इस्माईलभाई म्हणाले, "बैठो सहाब. गाडी नै रुकती." टांगा वळला तेव्हा मी मागे वळून पाहिलं. दोन्ही दाणे लांबूनसुद्धा पांढरे दिसत होते.

घरी आलो तेव्हा ताई दारातच होती. पाथरवट ओसरीवर बसला होता आणि संगमरवर भिंतीला टेकवून ठेवला होता. ताईनं विचारलं, "आणलास मजकूर?"

"शेंदूर चढलाय त्याच्यावर," मी म्हटलं. "वाचता आलं नाही."

ताई माझ्याकडे बघतच राहिली. "तुला?" ती म्हणाली. "तुला वाचता आलं नाही?"

हे छापून आलं की ती वाचेल. तोवर पाथरवटाला मी थांबायला सांगितलं आहे.